साधी गाठ हाय, दाजी

माझ्या उजव्या तळपायात एक गाठ आहे. आहे म्हणजे अजूनही आहे. ती काढलेली नाही आणि बहुधा काढणारही नाहीत. टाच आणि बोटं यांच्या मधल्या खोलगट भागात, कोटाच्या बटणाएवढी, टणक. दाबली की दुखते, लांब चाललो की ठणकते. याउपर तिनं मला काही केलेलं नाही. बाकी जे झालं ते आम्ही माणसांनी केलं, आणि त्यात पहिला नंबर माझा.

मी पाथरीत कपडे शिवतो. पंचवीस वर्षं पायमशीनवर बसतोय. शिंप्याच्या तोंडी गाठ हा शब्द दिवसातून पन्नासदा येतो. गाठ मार, गाठ सोड, दोऱ्याला गाठ पडली. पण हाच शब्द अंगाबद्दल निघाला की आमच्याकडं लोक आवाज खाली करतात. अमक्याला गाठ निघाली म्हटलं की ऐकणारा ‘कुठं?’ असं विचारत नाही, ‘किती दिवस सांगितले?’ असं विचारतो. गाठ म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे माणूस गेला, एवढं आमचं सरळ गणित.

दुकानात येणारी माणसं माझा पाय बघून विचारतात, काय झालं होतं? दर वेळी मी अर्धवट सांगून कापडाकडं वळतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. वाचून एखादा माणूस बिब्बा खाली ठेवून दवाखान्यात गेला, तरी माझं लिहिणं कामी आलं.

काटा

थंडीत पेडगावला सासुरवाडीला गेलो होतो. कापूस वेचणीचे दिवस. रानात हिंडताना बाभळीचा काटा चपलेतून आरपार आला. उपटला, फेकला, विसरलो. दोनेक महिन्यांनी अंघोळ करताना पाय घासला, तर तळव्यात आत काहीतरी कडक लागलं. घरात सगळ्यांचं एकमत झालं, काट्याचं टोक आत राहिलंय.

आमच्या गल्लीत गयाबाई म्हणून म्हातारी आहे. काटा काढण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. तिची सुई गोधडीची, गंजकी, म्हणून मी माझ्या डबीतली कोरी सुई दिली. शहाणपणा काय तो तेवढाच केला. तिनं पाय मांडीवर घेतला, तळवा उकरला, रक्त पुसून पुन्हा उकरला.

“लय खोल गेलाय रे,” ती म्हणाली. “सुईला लागायलाय, पर निघंना.”

सुईला लागत होती ती गाठ. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी गयाबाईनं सुई खाली ठेवली. “काटा न्हवं हे. कुरूप हाय. बिब्बा दिऊ, जळून पडंल.”

दिव्यावर तापवलेल्या बिब्ब्याचं काळं तेल तिनं त्या उकरलेल्या जागेवर टेकवलं. मी ओरडलो नाही, कारण माझी लेक अश्विनी दारात अभ्यास करत बसली होती. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. तळव्याला हा मोठा फोड, पाय घोट्यापर्यंत सुजलेला. फोड फुटला आणि मग ती जखम काही भरेना.

गयाबाईवर माझा राग नाही. तिला जे येत होतं ते तिनं केलं. दवाखाना माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि मी गेलो नाही. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण असं की जोवर मी काटा म्हणत होतो, कुरूप म्हणत होतो, तोवर ती गाठ नव्हती. डॉक्टरनं एकदा गाठ म्हटलं असतं की संपलं. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

तुकडा

जूनमध्ये शाळांचे गणवेश असतात. दुकानात निळ्या कापडाचे गठ्ठे लागले होते आणि मला मशीनचं पायडल दाबवेना. जखमेला वास यायला लागला, तेव्हा माझी बायको कांता हिनं पेडगावला फोन करून भावाला बोलावून घेतलं. दिलीप माझा मेहुणा, शेती करतो, स्वभावानं गरीब. त्यानं मला मोटारसायकलवर बसवून परभणीला नेलं.

डॉक्टर कमी बोलणारे होते. जखम बघून त्यांनी विचारलं, “हे कोणी केलं?”

“बिब्बा लावलाय, साहेब.”

त्यांनी नर्सकडं जे बघितलं ते मला कळलं. मग जखमेच्या कडेनं दाबत दाबत म्हणाले, “आत काटा नाही. गाठ आहे. भरती व्हा. जखम साफ करतानाच छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवतो.”

गाठ आणि तुकडा. हे दोन शब्द एका दमात मी सहा वर्षांपूर्वी ऐकले होते, याच शहरात, माझ्या आईसाठी. दिलीप काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं.

पाच दिवस वॉर्डात होतो. पहाटेच फिनेलच्या वासानं जाग यायची. मग बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचे. मला वाटायचं सगळ्यांचंच घेतात. आठ वाजता ड्रेसिंगची ट्रॉली यायची. तिच्या चाकांचा आवाज लांबून यायला लागला की मी टॉवेल जवळ ओढायचो. आत चिकटलेली पट्टी ओढताना मी टॉवेलचं टोक चावायचो. वॉर्डातल्या मावशी माझा घोटा धरून ठेवायच्या आणि रोज तोच प्रश्न विचारायच्या, “माज्याकडं बगा, पायाकडं न्हाई. गाव कोन्तं म्हनलात तुमचं?” मी रोज सांगायचो, पाथरी. त्या रोज म्हणायच्या, “आसं व्हय!” जणू पहिल्यांदाच ऐकलं. त्या पाच दिवसांत माझं भलं कुणी केलं असेल तर त्या बाईनं.

समोरच्या खाटेवर एक माणूस होता, त्याच्या पायाची दोन बोटं साखरेच्या आजारानं काढली होती. तो माझ्याशी बोलायला बघायचा. मी तोंड फिरवून घ्यायचो. मला वाटायचं, याचं निदान बोटांवर भागलं.

माय

आईचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आई मिशरी लावायची. सहा वर्षांपूर्वी तिच्या गळ्याला, जबड्याच्या खाली, गाठ आली. तुकडा पाठवला, रिपोर्ट आला. आमच्याकडं रीत अशी की डॉक्टर पेशंटला बाहेर बसवतात आणि म्हणतात, नातेवाईक कोण आहे त्याला आत पाठवा. मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“काय म्हनला रं डाक्टर?”

“साधी गाठ हाय, माय. गोळ्यानं जाईल.”

घरी आल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. “माज्या गळ्याला हात लाव आन् सांग.” आमच्यात गळ्याची आण फार मोठी. ज्याच्या गळ्याला हात लावून माणूस खोटं बोलतो, ते माणूस जातं असं मानतात. मी तिच्या गळ्याला हात लावला. बोटांखाली ती गाठच आली. तिच्यावरच बोटं ठेवून मी म्हणालो, “साधी हाय. तुज्या गळ्याची आण.”

त्यानंतर आई आठ महिने जगली. रोज सकाळी गळा चाचपायची आणि मला म्हणायची, “आज कमी वाटायलीय बग.” मला बरं वाटायचं. माझं खोटं चाललं, ती सुखात आहे असं समजत होतो. एकदाच म्हणाली, चारठाण्याला जाऊन यावं वाटतंय. चारठाणा तिचं माहेर, तिथं तिची धाकटी बहीण असते. मी म्हणालो, “बरी झालीस की जाऊ.” तिनं मान हलवली. पुन्हा कधी विषय काढला नाही.

ती गेली तेव्हा लोक म्हणाले, लेकानं आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, लेक असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं. थोडा फुगलोसुद्धा.

नातेवाईक कोण आहे?

वॉर्डातून घरी सोडल्यावर आठवडाभरानं रिपोर्टसाठी बोलावलं होतं. मी ड्रेसिंगच्या टेबलावर पालथा पडलो होतो, एवढ्यात पडद्याबाहेरून आवाज आला, “यांचे नातेवाईक कोण आहेत? आत पाठवा.”

मी उठायला गेलो तर नर्सनं पाय दाबून धरला. पडद्याखालून दिलीपच्या चपला दिसत होत्या. त्या डॉक्टरांच्या खोलीकडं गेल्या. बराच वेळ गेला. ड्रेसिंग संपलं, मी लंगडत बाहेर आलो आणि बाकावर बसलो. आई बसली होती तसाच, हे बसल्यावर लक्षात आलं.

दिलीप बाहेर आला. हातात फाईल. माझ्याकडं न बघता म्हणाला, “साधी गाठ हाय, दाजी. काय भ्यायचं न्हाई.”

तेच शब्द. माझेच शब्द. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो आणि तो मोटारसायकलची किल्ली खिशात शोधत राहिला. किल्ली त्याच्या हातात होती.

पाथरीपर्यंत मी त्याच्या पाठीकडं बघत बसलो. मला आता सगळं माहीत झालं होतं.

बिनसाखरेचा चहा

घरी आल्यावर दिलीप आणि कांता चुलीपाशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी बाहेरच्या खोलीत होतो. कांतानं चहा आणला. एक घोट घेतला, तर साखरच नाही.

“साखर?”

“डाक्टरनं सांगितलंय, जखम भरंस्तवर गोड कमी करा.”

आमच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे की कॅन्सरला साखर चालत नाही. खरं असो नसो, लोक तसं बोलतात. मी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी भाताऐवजी भाकरी. तिसऱ्या दिवशी दोन नव्या गोळ्या. विचारलं तर “ताकदीच्या हायत” म्हणाली. अश्विनी माझ्याशी भांडायची बंद झाली. बारावीतली पोरगी, एरवी रिमोटवरून माझा जीव खायची, ती आता मुकाट्यानं रिमोट माझ्या हातात द्यायची. हे सगळं आईच्या वेळी आम्ही केलं होतं. मला प्रत्येक पायरी पाठ होती.

चौथ्या दिवशी दुपारी मी कांताला समोर बसवलं. “अश्विनीच्या गळ्याची आण घे,” म्हणालो, “की माझ्यापासून तू काहीच लपवत न्हाईस.”

ती उठायला लागली. मी हात धरला.

“घे की आण. साधी गाठ हाय ना?”

“साधीच हाय.”

“मग घे आण. लेकीच्या गळ्याची. काहीच लपवत न्हाई म्हन.”

तिनं हात सोडवून घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं. “लेकराच्या गळ्याची आण म्या घेनार न्हाई. तुमी काय बी म्हना.”

माझ्या दृष्टीनं तोच रिपोर्ट होता. ती खोटी आण घेणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणजे ती लपवत होती. आता शंकेला जागा उरली नाही. मी उठून दुकानात गेलो, शटर अर्धं ओढलं, निळ्या कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवलं आणि रडलो. रडताना मरणाचं दुःख कमी होतं. मला इतक्या जवळच्या माणसांत एकट्याला टाकलंय, याचं जास्त होतं. सगळे एका बाजूला, खरं काय ते धरून बसलेले, आणि मी दुसऱ्या बाजूला.

मी काय काय केलं

हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

गणवेशाचं काम मी परत पाठवून दिलं. ड्रेसिंगला जायचं बंद केलं. मरणाऱ्या माणसाचा पाय भरून काय करायचं? गोळ्या तोंडात धरायचो आणि मोरीत थुंकायचो. बाजारात जाऊन पाव किलो पेढे घेतले आणि दुकानात बसून एकट्यानं खाल्ले. आईला शेवटी शेवटी काहीच गिळता आलं नव्हतं. मला येतंय तोवर खाऊन घेऊ म्हटलं.

अश्विनीला मशीनवर बसवलं. ब्लाउजची कटिंग शिक म्हणालो. तिला शिवणकामात रस नाही, तिला नर्सिंगला जायचंय. तिच्याकडून ब्लाउजचा गळा वाकडा कापला गेला तेव्हा मी तिच्या हातातली कात्री हिसकली. “उद्या मी नसलो तर काय करशील?” असं ओरडलो. मला वाटलं होतं ती म्हणेल, असं काय बोलता पप्पा. ती काहीच म्हणाली नाही, आणि त्यावरूनही मी काय समजायचं ते समजलो.

आठ दिवसांत पट्टीतून पिवळं पाणी यायला लागलं. वास इतका की गिऱ्हाईक दाराबाहेरूनच माप सांगायला लागलं. हे सगळं गाठीमुळं होतंय, ती पसरायलीय, असं मी मनाशी म्हणत होतो.

मानवत

मरणाची खात्री झाली तरी एक गोष्ट राहिली होती. किती दिवस? ते घरात कोणी सांगणार नव्हतं. फाईल कांतानं कपाटात साड्यांखाली ठेवली होती. शिंप्याच्या घरात कापडाखाली काही लपवणं म्हणजे वेडेपणाच. रिपोर्ट इंग्रजीत होता. अक्षरं लावता येत होती, अर्थ लागत नव्हता. अश्विनीकडून वाचून घ्यायची छाती झाली नाही.

मग मला ती युक्ती सुचली. पेशंटला कोणी खरं सांगत नाही. नातेवाईकाला सांगतात. तर मग नातेवाईक व्हायचं.

सकाळी जीपनं मानवतला गेलो. तिथं मला ओळखणारं कोणी नाही. एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं नंबर लावला. फाईलवरचं नाव तेवढं माझं, पण ते मला कुठं ओळखत होते? आत गेलो, फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “साहेब, माझ्या मेहुण्याचे कागद हायत. त्याला काय सांगितलं न्हाई आमी. मला खरं सांगा. किती दिवस हायत त्याच्याकडं?”

डॉक्टरांनी चष्मा लावला. एकेक कागद उलटला. मी टेबलाची कड धरून उभा होतो.

“किती दिवस म्हणजे?” ते म्हणाले. “गाठ साधी आहे.”

“साहेब, मी पेशंट न्हाई. मला खरं सांगितलं तर चालतंय.”

“अहो, खरंच सांगतोय.” त्यांनी स्वतःचा जोडा काढला आणि मोज्यावरून तळव्याला बोट लावून दाखवलं. “टाचेपासून बोटांपर्यंत आत एक जाड पट्टी असते. काहींना त्या पट्टीतच अशी गाठ धरते. तपासणीत कॅन्सर नाही असं स्वच्छ लिहिलंय. ही पसरत नाही, जीव घेत नाही. कापली तर पुन्हा यायची भीती असते, म्हणून फारच त्रास असल्याशिवाय कापत नाहीत. चपलेत मऊ तळ घालायचा, गाठीवर दाब येऊ द्यायचा नाही, वाढली तर पुन्हा दाखवायचं. बस्स.”

मी खुर्चीत बसलो. बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

“पण,” डॉक्टरांनी पुढचा कागद उचलला, “तुमच्या मेहुण्याला साखर आहे. चांगलीच आहे. वरून कोणीतरी बिब्ब्यानं तळवा जाळलाय. गाठीनं नाही हो जायचा तुमचा मेहुणा. ड्रेसिंग चुकवलं, गोळ्या चुकवल्या, तर पाय मात्र जाईल. ते त्याला सांगितलंय का नाही तुम्ही लोकांनी?”

खोलीत वास होता, तो त्यांनाही आला असणार. ते खुर्चीतून थोडे वाकले आणि टेबलाखाली माझ्या पायाकडं बघितलं. पट्टी ओली होती.

“मेहुणा,” ते सावकाश म्हणाले, “पाय वर घ्या.”

त्यांनी स्वतः पट्टी सोडली. रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, “आजच्या आज परभणी गाठा.” मी तिथूनच गेलो. आणखी नऊ दिवस भरती होतो. तळव्याचा सडलेला भाग काढला, करंगळी वाचेल का नाही यावर दोन दिवस घोडं अडलं होतं. वाचली. तिथं संवेदना नाही आता, पण आहे.

त्या नऊ दिवसांत परभणीच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की साखरेचं त्यांनी दिलीपला बजावलं होतं, घरी नीट समजावून सांगा म्हणून. दिलीपनं सांगितलं ते बहिणीला.

कांता

वॉर्डात कांता डबा घेऊन आली. मी विचारलं, “मला साखर हाय. तुला म्हाईत व्हतं.”

“व्हय.”

“कामून सांगितलं न्हाई?”

“दिलीप म्हनला, दाजी आधीच गाठीनं भेलेत. समोरच्या खाटंवरच्या मानसाची बोटं बगितलीत त्यानी. आता साखर बी सांगितली तर हाय खातील. थोडं बरं झाल्यावर सांगू म्हनलं.” ती डब्याची झाकणं काढत होती, पुन्हा लावत होती. “आन् तुमी आण मागितली. काहीच लपवत न्हाई म्हन म्हनलात. कशी म्हनू? लपवतच व्हते की.”

मग तिनं भाकरी मोडून माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं विषय संपला.

“अजून एक लपवलंय,” ती म्हणाली. “आत्याबाईचं.”

आत्याबाई म्हणजे माझी आई.

“तुमी त्यांच्या गळ्याला हात लावला ना, तवा मी दारात व्हते. तुमी दुकानात गेलात. त्या मला म्हनल्या, ‘कांता, माझ्या लेकरानं खोटी आण घेतली गं. मला कळलंय, ते त्याला कळू दिऊ नको. लय वाईट वाटंल त्याला.’”

मी भिंतीकडं तोंड केलं.

आज कमी वाटायलीय बग. आठ महिने, रोज सकाळी. मी समजत होतो मी तिला फसवतोय. ती मला सांभाळत होती. गळ्यात मरण घेऊन ती माझं खोटं सांभाळत होती. आणि चारठाण्याला जायचं तिनं पुन्हा का काढलं नाही, तेही आता कळलं. हट्ट धरला असता तर मला कळलं असतं की तिला कळलंय. बरी झालीस की जाऊ, असं मी म्हणालो होतो. बरी होणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि जीप तर रोज चारठाण्याला जाते.

दहा-बारा दिवस मी जी एकटेपणाची आग सोसली, तिनं माझ्या दुकानात मला लोळवलं. आईनं तीच आग आठ महिने सोसली. मी दिलेली. लेक असावा तर असा.

आता

मशीनला मोटर बसवली आहे, पायाला काम नाही. चपलेत मऊ तळ आहे, गाठीच्या जागी त्याला गोल कापून घेतलंय. ते माप मी स्वतः घेतलं. रोज संध्याकाळी अश्विनी आरसा धरून माझा तळवा तपासते, तिला नर्सिंगला नंबर लागलाय. अधूनमधून गाठ ठणकते. तेव्हा तिला दाबून बघायचा मोह होतो, आणि मी दाबतो.

ज्यांना पायाला अशी काही गाठ लागली असेल त्यांना मी डॉक्टरकी शिकवणार नाही. माझी साधी निघाली म्हणून तुमचीही साधीच असेल असं धरून चालू नका, आणि गाठ म्हटलं की मेलो असंही धरू नका. तुमच्या बोटाला, शेजाऱ्याला, गयाबाईला ते कळत नाही. दाखवायला जा. आत स्वतः जा. ‘नातेवाईक कोण आहे’ अशी हाक आली तर पेशंटनं उठून म्हणावं, मीच आहे माझा नातेवाईक.

मागच्या महिन्यात चारठाण्याला मावशीकडं जाऊन आलो. ती थकलीय. आई का आली नाही म्हणून तिच्या मनात राग होता. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ रडली, मग चहा केला. बिनसाखरेचा का, ते मी तिलाही सांगितलं.

परत येताना जीपमध्ये कांता शेजारी होती. मी म्हणालो, “उद्या माझी खरीच गाठ निघाली तर सांगशील?”

ती बाहेर बघत होती. लगेच उत्तर दिलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

“सांगीन,” ती म्हणाली.

मी आण मागितली नाही.